प्लंबरच्या खेपेचे पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय ६७, मुक्काम सातारा. पुण्यात कोथरूडला आमचा वन बीएचके आहे, दुसऱ्या मजल्यावर. इमारत १९९४ ची. गेल्या वर्षी तो एका तरुण जोडप्याला लिव्ह अँड लायसन्सवर दिला. भाडं २२,०००, डिपॉझिट ६०,०००. दोघंही नोकरी करतात, तीन वर्षांची मुलगी आहे. माणसं चांगली आहेत, भाडं पाच तारखेच्या आत जमा होतं. पण फोन थांबत नाहीत. कधी नळ गळतो, कधी खिडकीचं स्लायडिंग अडकतं, कधी गिझर लावला की मेन पडतो. आता बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली आहे म्हणतात. मी साताऱ्याहून प्लंबरला फोन करायचा. तो नुसता येऊन बघायचे ३०० ते ४०० रुपये घेतो, कामाचे वेगळे. दोन वेळा तो गेला तर घराला कुलूप, तरी खेपेचे पैसे द्यावे लागले. एक मित्र सांगतात, दर तक्रारीमागे ५०० रुपये व्हिजिट चार्ज लाव, फोन आपोआप कमी होतील. पत्नीला हे पटत नाही. पुढच्या महिन्यात कराराचं नूतनीकरण आहे. अशी अट घालावी का? करारात न लिहिता तोंडी सांगितलं तर चालेल का?

— एक वाचक, सातारा

नमस्कार सर,

ही अट घालू नका. फोन कमी होतील हे तुमच्या मित्राचं म्हणणं खरं आहे, आणि मला काळजी वाटते ती नेमकी त्याचीच. तक्रारीला पैसे पडायला लागले की माणूस तक्रार करायचं थांबतो, बिघाड मात्र आपल्या गतीने वाढत राहतो. तुम्ही त्या घरापासून शंभरावर किलोमीटर दूर राहता. भिंतीच्या आत काय चाललंय हे तुम्हाला कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे या दोघांचा फोन. तो ५०० रुपयांसाठी बंद करणं तुम्हालाच महागात पडेल.

पत्रात तुम्ही ओलीचा उल्लेख नळ आणि खिडकीच्या जोडीने, जाता जाता केला आहे. माझ्या मते सगळ्या पत्रात तीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. १९९४ च्या इमारतीत भिंतीच्या आतले पाइप बहुधा जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असणार, मध्ये कधी बदलले नसतील तर. हे पाइप आतून गंजत जातात, आणि पहिल्यांदा जीव सोडतो तो एल्बोजवळचा, म्हणजे वळणाच्या जोडाजवळचा आट्यांचा भाग, कारण आटे पाडताना तिथला पत्रा पातळ झालेला असतो. तिथून पाणी झिरपतं. धार दिसत नाही, आवाज येत नाही. बाहेरच्या बाजूने आधी रंग फुगतो, मग पोपडे सुटतात, मग पांढरे क्षार दिसायला लागतात. तोवर पाणी खालच्या स्लॅबमध्ये उतरलेलं असतं. पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या छताला डाग पडतो, ते सोसायटीकडे अर्ज करतात, आणि प्रकरण तुमच्या दाराशी येतं. स्लॅबमधली सळई गंजली की ती फुगते आणि काँक्रीट सोडते, म्हणजे मग प्लंबरचं काम संपून गवंड्याचं सुरू होतं. आज दोन टाइल्स फोडून एक एल्बो बदलण्यावर जे भागेल, त्यासाठी वर्षाने अख्खं बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, शिवाय खालच्यांचं छतही रंगवून द्यावं लागेल.

ही ओल भाडेकरूंनी तुम्हाला वेळेत सांगितली. ५०० रुपयांची अट आधीपासून असती तर सांगितली असती का? २२,००० भाडं आणि लहान मुलीच्या पाळणाघराचा खर्च सांभाळणारं जोडपं भिंतीपुढे कपाट सरकवतं आणि अकरा महिने काढतं. त्यांचं तरी काय चुकलं असतं?

आता गिझर. मेन पडतो म्हणजे नेमकं काय पडतं, हे त्यांना विचारा. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडणारा स्विच, पडत असेल तर कॉइल शॉर्ट झालेली असू शकते, किंवा जुनं वायरिंग आणि स्विच त्या भाराला पुरत नसतील. २,००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर खेचतो, त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. पण ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की पडणारा स्विच, पडत असेल तर अर्थ वेगळा, करंट जिथे जाऊ नये तिथे उतरतो आहे. गिझरच्या आतली कॉइल क्षारांनी खाल्ली गेली की असं होतं, आणि ज्या सोसायट्या टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालतात तिथे ते लवकर होतं. अशा वेळी ईएलसीबी पडतो म्हणूनच घरातली माणसं सुरक्षित असतात. आता व्हिजिट चार्ज वाचवायला भाडेकरूने कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलाला बोलावलं आणि त्याने 'डायरेक्ट करून देतो' म्हणत ईएलसीबी मधून काढून टाकला तर? गिझर सुरू होईल, मेन पडणार नाही, तुम्हाला फोनही येणार नाही, आणि त्या बाथरूममध्ये तीन वर्षांची मुलगी आंघोळ करत असेल. सर, या एका गोष्टीसाठी तरी बिघाडाच्या बातमीला किंमत लावू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही तोंडी अटीबद्दल विचारलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांचा असला तरी. '११ महिन्यांना नोंदणी लागत नाही' हे अजून कित्येक जण ठामपणे सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तेव्हा तोंडी व्हिजिट चार्जला काही आधार नाही. मागून डिपॉझिटमधून कापून घ्याल तर वाद तुम्हीच ओढवून घ्याल.

मग लेखी अट? याच कायद्याचं कलम १४ म्हणतं की उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत लक्ष घातलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हे कलम भाडेकरूसाठी आहे. तुमचे लोक कायद्याच्या भाषेत लायसन्सी, म्हणजे जागा वापरायचा परवाना मिळालेले, त्यांचे हक्क मुख्यतः करारातून येतात. म्हणजे सही करून घेतलीत तर व्हिजिट चार्जची अट कागदावर बहुधा टिकेलही. पण राहायला दिलेलं घर राहण्याजोगं ठेवणं कोणाचं काम, याबद्दल कायद्याचा कल कुठे आहे ते यावरून दिसतं. बहुतेक करारनाम्यांत लायसन्सीने केलेलं नुकसान त्याने भरून द्यावं, नैसर्गिक झीज वगळून, असं वाक्य असतंच. तीस वर्षांचा पाइप गंजला ही झीज. ती त्यांनी केलेली नाही.

आणखी एक बाब सहसा कोणी ध्यानात घेत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नावर कर मोजताना भरलेला मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेवर तुम्हाला सरसकट ३० टक्के वजावट मिळते. पावती दाखवावी लागत नाही, दुरुस्ती केली की नाही हेही कोणी विचारत नाही. तुमचं वर्षाचं भाडं २,६४,०००. मिळकत कर समजा ९,००० भरलात, तर उरले २,५५,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ७६,५०० रुपये. एवढ्या रकमेवर तुम्हाला कर लागत नाही, आणि ही सवलत घर राखायला खर्च येतो हे गृहीत धरूनच आहे. प्लंबरच्या साऱ्या खेपांची बेरीज त्याच्या जवळपासही जात नसेल. मग त्याच खेपा भाडेकरूकडून वसूल करणं मला न्यायाचं वाटत नाही.

तरीही तुमचा त्रास खोटा नाही. निवृत्त माणसाने साताऱ्यात बसून कोथरूडचा प्लंबर गाठायचा, त्याची वेळ घ्यायची, भाडेकरूंना कळवायची, आणि वर कुलूप बघून परत गेलेल्या माणसाला पैसे द्यायचे, हे कोणालाही खटकेल. पण ती कुलपं का लागली असतील बघा. दोघं नोकरी करणारे. प्लंबर अकराला येतो म्हणतो आणि दुपारी चारला उगवतो. वेळ ठरवायची तुम्ही, पाळायची त्यांनी, आणि तुम्ही दोघांपैकी कोणाच्याही समोर नाही. तुम्ही मधून बाजूला व्हा. एक विश्वासाचा प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन, दोघांचे नंबर भाडेकरूंना देऊन टाका. तुमच्या वाट्याचं १,००० रुपयांपर्यंतचं काम असेल तर तुम्हाला न विचारता करून घ्यायचं, बिलाचा आणि कामाचा फोटो पाठवायचा, तुम्ही यूपीआयने पैसे द्यायचे. त्यापेक्षा मोठं काम असेल तर आधी फोन. वेळ ते आणि प्लंबर आपसांत ठरवतील, रविवारची सकाळही ठरवू शकतील. तुमचे निम्मे फोन यानेच थांबतील.

इतकं करूनही त्यांनीच दिलेल्या वेळी कुलूप निघालं, तर ती खेप त्यांच्या माथी. इथे पैसे घ्या, अगदी बिनदिक्कत. मात्र प्लंबरने घेतले तेवढेच. ३०० घेतले तर ३००, ५०० नव्हे. झालेला खर्च भरून घेणं वेगळं आणि त्याच्यावर दंड लावणं वेगळं. मागच्या दोन खेपांचे पैसे मात्र आता काढू नका, तेव्हा तसं ठरलं नव्हतं.

नुकसान त्यांच्या हातून झालं असेल तर पूर्ण खर्च त्यांचा, प्लंबरच्या खेपेसकट. कमोडमध्ये डायपर अडकला, पोराने चेंडू मारून काच फोडली, भिंतीत ड्रिल मारताना पाइपला भोक पडलं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. समंजस माणसं हे स्वतःहून मान्य करतात. फक्त कारागिराकडून कारण लिहून घ्या किंवा फोटो घ्या, म्हणजे तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द असं होत नाही.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. नळाचा वायसर, बल्ब, जाळीत अडकलेले केस, कडीचा सैल स्क्रू. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा जो नमुना राज्यांपुढे ठेवला, त्यात अशी वाटणी करून दिलेली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, रंगकाम, पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि वायसर, ड्रेनेज साफ करणं, स्विच-सॉकेट, कुलपं, खिडक्यांच्या काचा हे भाडेकरूकडे. आपल्याकडे चालतो तो १९९९ चा कायदा, पण स्वतःच्या करारात वाटणी लिहायला हा नमुना चांगला आधार आहे. त्यात गिझरची दुरुस्तीही भाडेकरूकडे टाकली आहे. ते मी तुमच्या बाबतीत मानणार नाही. गिझर तुमचा, वर्षानुवर्षं वापरलेला, आणि बिघाड विजेचा. तो तुमच्याकडेच ठेवा.

बारीक कामं त्यांच्याकडे देण्याआधी एकदा सगळं चालू स्थितीत त्यांच्या हाती द्यायला हवं. आधीच गळणारा नळ देऊन 'वायसर तुम्ही बदला' म्हणणं बरोबर नाही. नूतनीकरणाच्या निमित्ताने एक दिवस प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघांना बोलवा, स्वतः जा. सगळे नळ, अँगल कॉक, फ्लश टँकचा बॉल कॉक, नहाणी ट्रॅप, स्विच, खिडक्यांचे रोलर एकामागून एक बघून घ्या. स्लायडिंग अडकतं ते बहुतेक वेळा रोलर झिजल्यामुळे किंवा खालच्या पट्टीत माती बसल्यामुळे. मग भाडेकरूंसोबत घरभर व्हिडिओ काढा आणि दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

करारात असं काहीतरी लिहून घ्या, वकिलाला दाखवून : 'इमारतीचा ढाचा, भिंतीतील पाइप, वायरिंग, गिझर व नैसर्गिक झिजेमुळे होणारी दुरुस्ती परवानादाता (मालक) स्वखर्चाने करील. एका वेळी ५०० रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती परवानाधारक (भाडेकरू) करील. परवानाधारकाच्या हलगर्जीमुळे झालेल्या नुकसानीचा खर्च, तसेच त्याने दिलेल्या वेळी घर बंद असल्यामुळे वाया गेलेल्या खेपेचा प्रत्यक्ष खर्च, परवानाधारक देईल. गळती, ओल किंवा विजेचा बिघाड दिसल्यास परवानाधारक तो २४ तासांत कळवील. कळवण्याबद्दल कोणतेही शुल्क नाही.' शेवटचं वाक्य काढू नका. कळवणं हे त्यांचं कर्तव्य म्हणून लिहून घेतलंत, तर उद्या त्यांनी ओल लपवली तेव्हा तुम्हाला बोलायला जागा राहील.

खर्च खरोखर झेपत नसेल तर नूतनीकरणात भाडं उघडपणे वाढवा. महिन्याला १,००० वाढवलेत तर वर्षाचे १२,००० होतात, पत्रात लिहिलेल्या खेपा त्यातून निघून वर उरेल. भाडेकरूला एक आकडा कळतो, तो हो म्हणेल किंवा घासाघीस करेल. दर फोनला मीटर पडतं आहे हे मात्र माणसाला लागतं, आणि अशी माणसं करार संपताच दुसरं घर बघतात. घर एक महिना रिकामं राहिलं तर तुमचे २२,००० गेले, म्हणजे ५०० रुपयांच्या ४४ खेपा. एजंट आणि रंगकाम पुन्हा वेगळं. पाच तारखेच्या आत भाडं भरणारं आणि ओल दिसल्याबरोबर सांगणारं कुटुंब पुण्यात पुन्हा शोधून बघा. काकूंना जे पटत नाही ते मलाही पटत नाही, एवढं त्यांना सांगा.

करार होईल तेव्हा होईल, ओलीचं काम त्यासाठी थांबवू नका. ती कुठून येते हे घरातल्या घरात बऱ्यापैकी कळतं. भाडेकरू सुट्टीला तीन-चार दिवस गावी जातील तेव्हा बाथरूमला पाणी सोडणारा कॉक उघडाच ठेवायला सांगा, नळ मात्र बंद. वापर नसतानाही भिंत ओलीच राहिली तर पाणी पुरवठ्याच्या पाइपमधून येतंय. वाळायला लागली तर ते आंघोळीचं पाणी आहे, टाइल्सचे सांधे किंवा ट्रॅप बघावा लागेल, आणि ते सांधे इपॉक्सीने भरून भागतं का ते आधी पाहायचं. ओल इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला असेल आणि मागून ड्रेनेजचा सामाईक पाइप जात असेल, तर हा खर्च तुमचा नाहीच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपमुळे होणारी गळती, पावसाच्या गळतीसकट, संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. सेक्रेटरींना फोनवर सांगून सोडू नका. फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

गिझरसाठी तर चाचणीचीही वाट नको. आजच संध्याकाळी त्यांना फोन करा, इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत गिझर बंद ठेवायला सांगा, आणि ती खेप तुमच्या पैशाने होणार आहे हेही त्याच फोनमध्ये सांगून टाका.